काचपेटींतील माशांचा भार : हिशेब आधीं, खरेदी मागाहून

शेतकीच्या मासिकांत काचपेटींतील शोभेच्या माशांविषयीं लेख कशास, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर दोन प्रकारचें आहे. एक तर, जिला शहरांत फिश टँक म्हणतात ती काचेची पेटी आतां तालुक्याच्या गांवींच नव्हे, तर खेड्यांतील बागाईतदाराच्या ओसरीवरहि दिसूं लागली आहे. बहुधा नातवंडांच्या हट्टानें ती घरांत येते, आणि तिची देखभाल मात्र वडील माणसांच्या गळ्यांत पडते. दुसरें असें कीं, या पेटींत जी चूक हटकून होते ती शेतकऱ्यास नवी नाहीं. दहा गुरांच्या गायरानावर चाळीस गुरें सोडणें, किंवा एका विहिरीच्या भरंवशावर चार एकर ऊंस लावणें, ही त्याच जातीची चूक होय. धारणशक्तीचा हिशेब न करणें हें या सर्वांचें मूळ आहे. जमिनीवर ही चूक उघडकीस येण्यास वर्षें लागतात. काचपेटींत ती एका रात्रींत उघडकीस येते. तेव्हां ती नीट समजून घेण्यास काचपेटी ही लहानशी पण चांगली पाठशाळा आहे.

प्रस्तुत लेखांत सिक्लिड कुळांतील माशांचाच विचार केला आहे. कारण पेटींत दाटी करण्याची चूक या कुळाच्या बाबतींत सर्वांत अधिक घडते, व तिचे परिणामहि सर्वांत वाईट होतात.

सिक्लिड म्हणजे कोणते मासे

हें कूळ फार मोठें असून त्याच्या दीड हजारांहून अधिक जाति शास्त्रज्ञांनीं वर्णिल्या आहेत. आफ्रिकेंतील मलावी, टांगानिका व व्हिक्टोरिया हीं मोठीं सरोवरें, तसेंच दक्षिण व मध्य अमेरिकेंतील नद्या, हीं त्यांचीं मुख्य माहेरघरें होत. भारतांत या कुळाच्या मूळच्या अशा तीनच जाति आहेत. त्यांपैकीं गोव्याच्या व कोंकणच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर खाणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. घाटावरील वाचकांस या कुळाचा जो मासा ठाऊक आहे तो चिलापी. परंतु तो येथील नव्हे. त्याची मोझांबिक येथील जात १९५२ सालीं आपल्या देशांत आणण्यांत आली.

दुकानांत जे सिक्लिड विकावयास असतात त्यांत एंजल, डिस्कस व ऑस्कर हे दक्षिण अमेरिकेचे, अंगावर काळे पट्टे असलेला कॉन्व्हिक्ट हा मध्य अमेरिकेचा, आणि पिवळेधमक ‘यलो’ मासे हे मलावी सरोवराचे होत. फ्लॉवरहॉर्न हा कोणत्याहि नदींतील मासा नसून निरनिराळ्या जातींच्या संकरानें माणसानें निपजविलेला आहे.

या सर्वांत तीन गुण समान आहेत. ते पिलांची राखण करतात. राखणीसाठीं जागा धरून बसतात व ती जागा लढून राखतात. आणि विकत घेते वेळीं ते जेवढे असतात त्याच्या कित्येक पट वाढतात. हे तीनहि गुण ध्यानांत ठेवले म्हणजे पुढील विवेचन सुलभ होईल.

माझी स्वतःची चूक

उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं नातवासाठीं मीं दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी आणली. दुकानदारानें सहा एंजल, चार यलो व दोन ऑस्कर असे बारा मासे दिले. प्रत्येक मासा बोटाच्या दोन पेरांएवढा. पेटी मोकळी मोकळी दिसत होती, आणि अजून सहा मासे सहज मावतील असें तो म्हणाला. मुलांस आनंद झाला, मलाहि झाला.

सहा महिन्यांत दोन्ही ऑस्कर वीतभर होत आले. यलो एकेक करून नाहींसे झाले. ते कोणाच्या पोटांत गेले हें सांगण्याची जरूर नाहीं. एंजलांचे पर फाटले. पाणी आठ दिवसांत पिवळट होई, तें थोडेंसें बदललें कीं आमचें समाधान होई. पुढें वैशाखांतील एका रात्रीं अकराच्या सुमारास वीज गेली ती पहाटे चारला आली. सकाळीं पाहतों तों दोन्ही ऑस्कर व चार एंजल मरून पडलेले, आणि उरलेले दोन पृष्ठभागाशीं तोंड लावून धापा टाकीत होते. नातवानें विचारलें, “आजोबा, ह्यांना काय झालं?” मीं विजेस दोष दिला. परंतु तें उत्तर खरें नव्हतें. वीज पांच तासच गेली होती. पेटी मात्र पांच महिन्यांपासून कड्याच्या टोकावर उभी होती. हयातभर मीं दुसऱ्यांच्या जमाबंदीचे आंकडे तपासले, पण स्वतःच्या ओसरीवरील दोन घनफूट पाण्याचा ताळेबंद कधीं मांडला नाहीं. तो पुढें मांडला आहे.

लांबी व वजन यांचा घोटाळा

‘अमुक इतक्या पाण्यास अमुक इंच मासा’ असा एक ठोकताळा शोभेचे मासे पाळणाऱ्यांत फार प्रचलित आहे. चिमुकल्या माशांस तो कसाबसा लागू पडतो. सिक्लिडांस मुळींच नाहीं. कारण असें कीं, मासा लांबीनें दुप्पट झाला म्हणजे तो रुंदीनें व जाडीनेंहि दुप्पट होतो. म्हणून त्याचें वजन दुप्पट न होतां आठपट होतें. लांबी तिप्पट झाली कीं वजन सत्तावीसपट, आणि सहापट झाली कीं दोनशें सोळापट.

पांच सेंटिमीटरांचा ऑस्कर पूर्ण वाढल्यावर तीस सेंटिमीटरांचा किंवा त्याहूनहि मोठा होतो. म्हणजे आपण दुकानांतून जो एक मासा आणला तो पुढें दोनशेंहून अधिक माशांएवढा भार होणार आहे. माझ्या पेटींतील उदाहरण घ्या. आणतांना प्रत्येक मासा एक भाग धरला तर बारा माशांचा भार बारा भाग. सहा महिन्यांनीं ऑस्कर पंधरा सेंटिमीटरांचे झाले तेव्हां त्या दोघांचाच भार चोपन्न भाग झाला. माशांची संख्या तर कमी झाली होती! यावरून संख्या मोजून भार कळत नाहीं हें उघड होतें. वासरें मोजून गोठा बांधूं नये, म्हणतात तें येथेंहि खरें आहे.

नत्राचें खातें

मासा जें खातो त्यांतील नत्राचा मोठा अंश कल्ल्यांवाटें अमोनियाच्या रूपानें पाण्यांत येतो. अमोनिया माशास विष आहे. पेटींतील गाळणीच्या स्पंजावर, वाळूवर व दगडांवर वाढणारे सूक्ष्म जंतु या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइट हेंहि विषच आहे. नायट्रेट त्या मानानें सौम्य. हे जंतु शेतकऱ्यास परके नव्हेत. आपण घातलेलें अमोनियम सल्फेट किंवा शेणखत पिकास नायट्रेटच्या रूपांत मिळतें तें याच वर्गांतील जंतूंच्या कृपेनें. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें जमिनींतील या जंतूंचें कार्य सिद्ध केलें. शेतांत नायट्रेट पीक उचलतें. पेटींत पीक नाहीं. म्हणून तें सांचत जातें, आणि पाणी बदलूनच बाहेर काढावें लागतें.

आतां आंकडे मांडूं. पेटींत १०० लिटर पाणी आहे व रोज २ ग्रॅम अन्न घातलें जातें असें धरा. अन्नांत शेंकडा ४० प्रथिन असल्यास प्रथिन ०.८ ग्रॅम. प्रथिनांत शेंकडा १६ नत्र असतो, म्हणून नत्र ०.१२८ ग्रॅम. त्यांतील निदान निम्मा पाण्यांत आला, तर रोज ६४ मिलिग्रॅम. म्हणजे लिटरमागें ०.६४ मिलिग्रॅम. सात दिवसांत हा नत्र सुमारें ४.५ होतो, आणि नायट्रेटच्या रूपांत मोजल्यास लिटरमागें सुमारें २० मिलिग्रॅम. ही झाली आठवड्याची जमा.

खर्चाची बाजू म्हणजे पाणी बदलणें. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदललें, तर पहिल्या आठवड्याअखेर २० मधील ५ जातात व १५ बाकी राहतात. दुसऱ्या आठवड्याअखेर त्यांत २० मिळून ३५ होतात. त्यांतील चौथा हिस्सा गेला कीं २६ उरतात. अशी थकबाकी चढत चढत शेवटीं ८० वर जाऊन थांबते. तेंच दर आठवड्यास निम्में पाणी बदललें तर खातें ४० वर स्थिर होतें. चौथा हिस्साच बदलीत राहून अन्न दुप्पट केलें, तर १६०. काचपेटींत हा आंकडा ४० च्या आंत, आणि साधल्यास २० च्या जवळ असावा. म्हणजे पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसत असतांहि खातें बुडीत असूं शकतें.

या हिशेबांत विहिरीवर अवलंबून असणाऱ्यांनीं आणखी एक रक्कम धरावी. ज्या भागांत रासायनिक खतें भरपूर घातलीं जातात तेथील विहिरींच्या पाण्यांत मुळांतच नायट्रेट असतें. पिण्याच्या पाण्यास भारतीय मानकानें लिटरमागें ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली आहे. समजा, आपल्या विहिरीचें पाणी बरोबर त्या मर्यादेवर आहे. तर दर आठवड्यास निम्में पाणी बदलूनहि पेटीचा आंकडा ४० ऐवजीं ८५ होईल. कारण बदली म्हणून घातलेलें पाणीच आरंभींची शिल्लक घेऊन येतें. अशा ठिकाणीं पागोळीचें स्वच्छ पावसाचें पाणी सांठवून मिसळावें, अथवा मासे तितके कमी ठेवावे. या निमित्तानें विहिरीचें पाणी एकदां तपासून घेतलें तर घरांतील लेंकरांचेंहि हित होईल, हा आणखी एक लाभ.

सामूची गोष्टहि ध्यानांत घ्यावी. माती-परीक्षणाच्या पत्रिकेमुळें हा शब्द आतां सर्वांस परिचित आहे. अमोनियाचा जो अंश खरा विषारी तो पाण्याच्या सामूबरोबर वाढतो. २५ अंश उष्णतामानास सामू ७ असतां हा अंश हजारांत सुमारें ६ भाग असतो. सामू ८ झाला कीं हजारांत सुमारें ५४. म्हणजे तोच अमोनिया नऊपट घातक होतो. आपल्या काळ्या कातळाच्या प्रदेशांतील विहिरींचें पाणी बहुधा जड व सामूनें चढें असतें. सबब, दुसऱ्या मुलुखांतील मऊ पाण्यावर जी दाटी कशीबशी निभते ती आपल्याकडे निभणार नाहीं.

प्राणवायु

दुसरें खातें प्राणवायूचें. पाणी जितकें ऊन तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंशांस लिटरमागें सुमारें ९.१ मिलिग्रॅम, २५ अंशांस ८.३ व ३० अंशांस ७.६ असें प्रमाण आहे. उलटपक्षीं, ऊन पाण्यांत माशाची श्वासाची गरज वाढते. म्हणजे उन्हाळ्यांत जमा घटते त्याच वेळीं खर्च चढतो. शिवाय वर सांगितलेले जंतु व तळाशीं कुजणारें अन्न हींहि प्राणवायु खातात. पेटींत मासे बेताचे असतील तर पंप कांहीं तास थांबला तरी पृष्ठभागावरून मिसळणारी हवा पुरते. दाटी असेल तर तीच पेटी दोन-चार तासांत गुदमरते. अशा वेळीं मोठे मासे आधीं मरतात, कारण त्यांची गरज मोठी. माझ्या घरीं घडलें तें हेंच.

म्हणून पेटी घेतांना उंचीपेक्षां लांबी-रुंदीकडे पाहावें. हवा पृष्ठभागावरून मिसळते. वीज गेल्यास अन्न मुळींच घालूं नये. तांब्यानें पाणी उचलून हातभर उंचीवरून पुनः पेटींत ओतीत राहावें. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घरांत असूं द्यावा; मात्र त्याच्या जिवावर मासे वाढवूं नयेत.

हद्दीचे तंटे

पाणी कितीहि शुद्ध राखलें तरी सिक्लिडांच्या बाबतींत तिसरा हिशेब उरतोच, तो जमिनीचा. कॉन्व्हिक्टची जोडी अंडीं घालते तेव्हां तीन फुटी पेटीचा अर्धा तळ आपल्या ताब्यांत घेते, व दुसऱ्या कोणासहि तेथें फिरकूं देत नाहीं. सरोवरांत किंवा नदींत हरलेला मासा पळून जातो आणि तंटा मिटतो. पेटींत बांधापलीकडे जागाच नसते. हरलेला मासा कोपऱ्यांत उभा राहतो, खाणें सोडतो, पुनः पुनः मार खातो व अखेर रोगास बळी पडतो. ‘माशास रोग झाला’ असें आपण म्हणतों. वस्तुतः त्यास जागा नव्हती.

यावर उपाय म्हणून तळावर दगडांच्या राशी, मातीच्या लहान कुंड्या, फुटक्या माठाचे तुकडे व लांकडाचे ओंडके असे ठेवावे कीं एका माशास दुसऱ्याची हद्द सरळ दिसूं नये. दृष्टीआड झाला कीं शत्रु निम्मा विसरला जातो. मलावीच्या माशांत एका नरामागें दोन-तीन माद्या ठेवाव्या. दोन नर समोरासमोर ठेवूं नयेत. एंजलांचीं पांच-सहा पिलें एकत्र वाढवून त्यांतून आपोआप जोडी जुळूं द्यावी ही रीत चांगली आहे; परंतु जोडी जुळली कीं बाकीच्यांस दुसरीकडे हलविण्याची सोय आधींच केलेली असावी.

येथें एका आक्षेपाचा विचार करणें न्याय्य होईल. मलावीचे मासे पाळणारे कित्येक अनुभवी लोक मुद्दाम दाटी करतात. त्यांचें म्हणणें, मासे थोडे असले म्हणजे एकट्यादुकट्यावर सर्व मार पडतो. पुष्कळ असले म्हणजे तो वांटला जातो व कोणासच कायमची हद्द धरतां येत नाहीं. हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु हे लोक मोठी पेटी, दुहेरी गाळणी, विजेची पर्यायी व्यवस्था आणि आठवड्यास निम्म्याहून अधिक पाणी बदलण्याचा नेम एवढें सगळें पदरीं बाळगून असतात. भांडण कमी करण्यासाठीं त्यांनीं नत्राचें व प्राणवायूचें कर्ज काढलेलें असतें, व तें हप्त्यानें फेडण्याची त्यांची तयारी असते. नवख्यानें कर्जाचें अनुकरण करावें आणि हप्ता विसरावा, हें बरें नव्हे.

किती मासे ठेवावे

आतां प्रत्यक्ष रीत सांगतों.

१. पाणी मोजावें. पेटीची लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणावी आणि गुणाकारास २८.३ नें गुणावें. म्हणजे लिटर येतात. वाळू, दगड व वरची रिकामी जागा यांबद्दल सातवा हिस्सा वजा करावा. दोन फुटी पेटींत ५६ लिटर मावतात असें दिसतें. खरें पाणी ४८ च्या आसपासच असतें.

२. मासा पूर्ण वाढीचा धरावा. पूर्ण वाढलेल्या माशास रोज त्याच्या वजनाच्या शेंकडा १ इतकें अन्न पुरतें. वर पाहिलेंच कीं १०० लिटर पाणी रोज २ ग्रॅम अन्नाचा भार, दर आठवड्यास निम्में पाणी बदलल्यास, ४० च्या आंत पेलतें. २ ग्रॅम अन्न म्हणजे २०० ग्रॅम मासा. म्हणून १०० लिटर खऱ्या पाण्यास पूर्ण वाढीचा २०० ग्रॅम मासा, ही वरची मर्यादा समजावी. गांठावयाचें उद्दिष्ट नव्हे. चौथा हिस्साच पाणी बदलणार असाल तर याच्या निम्में धरावें.

३. जातीप्रमाणें जागा पाहावी. रॅम हा बोटाएवढाच राहणारा सिक्लिड असून त्याची एक जोडी दोन फुटी पेटींत राहूं शकते. कॉन्व्हिक्टच्या किंवा एंजलच्या एका जोडीस तीन फुटी पेटी व शंभर लिटर पाणी असावें. एंजलसाठीं पेटी दीड फूट तरी उंच हवी, कारण त्याचे पर उभे वाढतात. मलावीच्या कळपास चार फुटी पेटीहून लहान जागा देऊं नये. एक ऑस्कर तीस सेंटिमीटरांचा झाला कीं सहाशें ग्रॅमांच्या घरांत जातो. म्हणून एकट्यास सुमारें तीनशें लिटर पाणी, म्हणजे चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच पेटी लागते. फ्लॉवरहॉर्नचेंहि तसेंच, आणि त्यास सोबती सहसा सहन होत नाहीं. एवढी जागा नसेल तर तो मासा घेऊंच नये. ‘वाढल्यावर पाहूं’ ही भाषा सोडावी.

४. निरनिराळ्या मुलुखांची मिसळ करूं नये. मलावीचे मासे जड पाण्याचे, एंजल व डिस्कस मऊ पाण्याचे. त्यांस एका पेटींत कोंबणें म्हणजे भाताच्या खाचरांत बाजरी पेरणें होय.

५. पेटी आधीं पिकवावी. नव्या पेटींत नत्र फिरविणारे जंतु नसतात. ते पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी पेटींतील स्पंजाचा तुकडा आणल्यास हा काळ कमी होतो. त्यानंतरहि मासे दोन-दोन करून, मध्यें दोन आठवडे जाऊं देऊन सोडावे. स्पंज धुवावयाचा तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें जंतु मरतात. पेटींत घालावयाच्या नळाच्या पाण्यांतीलहि क्लोरीन आधीं काढून टाकावा.

६. तपासणीचा नेम असावा. अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजण्याचे संच शोभेच्या माशांच्या दुकानांत मिळतात. पहिले दोन आंकडे शून्य असावे. वहींत तारीख, आंकडा व बदललेलें पाणी लिहून ठेवावें. पेटीचें रोग सांगणारें साधन म्हणजे ही वही. मासे पृष्ठभागीं येऊन धापा टाकूं लागले म्हणजे वेळ टळत आलेली असते.

बदललेलें पाणी मोरींत सोडूं नये. त्यांत औषध अथवा मीठ घातलेलें नसेल तर तें परसांतील वांगीं-मिरच्यांस व फुलझाडांस द्यावें. जो नत्र माशास भार तोच झाडास आहार.

जास्तीच्या माशांचें काय करावें

पेटींत दाटी झाल्याचें कळलें म्हणजे मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, चार मासे विहिरींत, ओढ्यांत किंवा तलावांत सोडून द्यावे. जीवहि वांचेल व भारहि उतरेल. माझ्या उरलेल्या दोन माशांबद्दल मलाहि तसाच सल्ला मिळाला होता. सल्ला देणारा म्हणाला, डांसांसाठीं विहिरींत गप्पी मासे सोडतात, मग हे कां नको? वाचकांनीं ही गोष्ट मुळींच करूं नये, अशी माझी आग्रहाची विनंति आहे.

याचा पुरावा दूर शोधावयास नको. मोझांबिकचा चिलापी हा जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवांच्या यादींत गणला जातो. भीमेवरील उजनीच्या जलाशयांत आज चिलापी मुबलक सांपडतो. तो मच्छीमारांस पैसा देतो हें खरें, परंतु असा परका मासा ज्या पाण्यांत माजतो तेथील देशी माशांचें अन्न व अंडीं घालण्याची जागा तो बळकावतो. काचपेटींत शेवाळ खाण्यासाठीं ठेवला जाणारा सकर मासा तर खाण्यासहि योग्य मानला जात नाहीं. कोणीतरी सोडून दिलेल्या अशा माशांची वाढ होऊन ते उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊं लागले, आणि त्यांच्या कांटेरी अंगानें जाळीं फाटूं लागलीं. पेटींतील दाटी एका घराची. ओढ्यांत सोडलेली दाटी साऱ्या खोऱ्याची होते, आणि ती परत घेतां येत नाहीं.

ज्यांच्या शेतांत शेततळें आहे त्यांनीं हें अधिक ध्यानांत घ्यावें. चिलापी फार लवकर वयांत येतो आणि मादी अंडीं तोंडांत धरून पिलें जगविते. तळ्यांत दाटी झाली कीं मासे खुजे राहतात, लहानपणींच अंडीं घालूं लागतात, व दाटी आणखी वाढते. शेवटीं तळें माशांनीं भरलेलें, पण विकण्याजोगा मासा एकहि नाहीं, अशी स्थिति होते. म्हणून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्यावांचून हें बीज तळ्यांत टाकूं नये.

जास्तीचे मासे दुकानदारास परत द्यावे, किंवा मोठी पेटी असलेल्या माणसास द्यावे. दुकानदार मोठे मासे परत घेतो कीं नाहीं हें खरेदीपूर्वींच विचारावें. पुढील वाढ नको असेल तर अंडीं दिसतांच काढून टाकावीं, किंवा एकाच लिंगाचे मासे ठेवावे. तोंपर्यंत अन्न निम्में करावें व पाणी दुप्पट बदलावें. मोठे मासे थोडे दिवस कमी अन्नावर सहज राहतात. त्यांस घाण पाणी मात्र सोसत नाहीं.

उपसंहार

अभ्यासासाठीं वाचकांनीं पुढील उदाहरण स्वतः सोडवावें : तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटी, विहिरीच्या पाण्यांत नायट्रेट २०, दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणार, रोज २ ग्रॅम अन्न. शेवटीं आंकडा कोठें थांबेल, आणि तो ४० च्या आंत आणण्यास काय करावें? ज्यास हें उत्तर काढतां आलें त्यास दुकानांतील कोणीहि ‘अजून सहा मावतील’ असें सांगून फसवूं शकणार नाहीं.

माझ्या घरची पेटी तीच आहे. त्या दोन एंजलांस मोठी पेटी असलेल्या एका गृहस्थांकडे पोंचविलें, आणि आतां तींत रॅमची एक जोडी आहे. नातवास प्रथम ती ओकीबोकी वाटली. पुढें त्या जोडीनें एका चपट्या दगडावर अंडीं घातलीं, आळीपाळीनें परांनीं वारा घालून तीं राखलीं, तेव्हां तो तासन् तास पेटीसमोर बसून राहिला. बारा मासे असतांना आम्हीं हें कधीं पाहिलें नव्हतें. दाटींत मासे नुसते दिसतात. माशांचा संसार दिसावयाचा तर त्यांस जागा द्यावी लागते.